घरचा भेदी

मंडळी, आधी एक हिशेब करू. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत 2003 ते 2021 या काळात ‘कास्ट’ नावाचा प्रयोग चालला. तिथल्याच एलएचसी या महाकाय कण-त्वरकासाठी नमुन्यादाखल बनवलेलं, 9 मीटर लांबीचं आणि 9 टेस्लाचं चुंबक. सूर्य उगवताना दीड तास आणि मावळताना दीड तास ते सूर्यावर रोखलेलं असे, कारण वर-खाली 8 अंशांपलीकडे ते हलतच नव्हतं. सूर्याच्या गाभ्यात अजून कुणालाही न सापडलेले, निव्वळ सिद्धांतातले कण म्हणजे अ‍ॅक्सिऑन तयार होत असतील, तर चुंबकाच्या नळीत त्यांतल्या मोजक्यांचे क्ष-किरण होतील आणि टोकाला बसलेला डिटेक्टर ते टिपेल. कल्पना भौतिकशास्त्रज्ञ पिएर सिकिवी यांची, 1983 सालची.

आता डिटेक्टर दर सेकंदाला, दर चौरस सेंटिमीटरला, दर किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला (हे क्ष-किरणाच्या ऊर्जेचं एकक) दशलक्षांश इतक्याच खोट्या नोंदी करतो असं धरा. नळीचं तोंड 14.5 चौरस सेंटिमीटर. 2 ते 7 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात दीड तासाला 0.4 नोंदी होतात, म्हणजे पाच पहाटांना दोन. मध्ये क्ष-किरण दुर्बीण बसवून सगळं 0.2 चौरस सेंटिमीटरच्या ठिपक्यात गोळा केलं, की 185 पहाटांना एक! तरीही ती एक आली कुठून, हे शोधावंच लागतं.

वैश्विक किरणांतले म्युऑन नावाचे कण तसे भोळे. ते डिटेक्टरमधल्या वायूत लांब रेघ ओढून जातात, क्ष-किरण एक बारीक ठिपका उमटवतो. वेगळे काढता येतात. खरा त्रास घरच्या भेद्यांचा. मायक्रोमेगास या वायू भरलेल्या डिटेक्टरमधलं तांबं बाहेरच्या किरणांनी चाळवलं की स्वतःच 8 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा क्ष-किरण सोडतं. त्यात भरलेला आर्गॉन वायू सोडतो 3 चा, आणि अ‍ॅक्सिऑनची अपेक्षा सर्वांत जास्त असते ती नेमकी तिथंच! शिवाय हवेतून मिळवलेल्या आर्गॉनमध्ये किरणोत्सारी आर्गॉन-39 असतोच. म्हणून 2019 नंतरच्या फेरीत आर्गॉनच्या जागी झेनॉनचं मिश्रण भरलं. मला हा सर्वांत शहाणपणाचा बदल वाटतो. भिंत जाड करण्याऐवजी चोरालाच घराबाहेर काढलं.

भिंतीचंही तसंच. संरक्षणासाठी शिसं लावायचं, तर ताज्या शिशात किरणोत्सारी शिसं-210 असतं, अर्धायुष्य 22 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. इटलीतल्या एका प्रयोगात त्यासाठी बुडालेल्या रोमन जहाजातलं शिसं वापरलंय. दोन हजार वर्षं समुद्रतळाशी पडून राहणं, ही त्या शिशाची पात्रता. शिसं आणि डिटेक्टर यांच्यामध्ये शुद्ध तांब्याचा थर, आणि फटींतून रेडॉन शिरू नये म्हणून नायट्रोजनचा सतत झोत. क्ष-किरण आत येण्याची समोरची खिडकी मात्र जाड करता येत नाही. ती 4 मायक्रॉन जाडीच्या मायलर या प्लास्टिकची, केसाच्या दहाव्या भागाहूनही पातळ. एका बाजूला निर्वात, दुसऱ्या बाजूला वायूचा दाब. म्हणून आधाराला धातूची जाळी.

एवढं सगळं करून असाच डिटेक्टर पिरेनीजमध्ये, कानफ्रांकच्या प्रयोगशाळेत, 800 मीटर खडकाखाली नेला, तर खोट्या नोंदी आणखी कित्येक पटींनी घटल्या. म्हणजे उरलेला बराचसा त्रास आकाशातून येतोय. पुढचा प्रयोग, बेबी-आयअ‍ॅक्सो, मात्र हॅम्बुर्गला व्हायचाय. आणि तिथं असा डोंगर नाही.