निसर्गसंवर्धनाची पदवी : नाव कोणतं, खर्च किती

(बारावीचे विद्यार्थी आणि पालकांसाठी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जंगल, पाणी, माती, वन्यजीव यांचं काम करायचं ठरवलेल्या मुलाच्या घरी पहिला प्रश्न फीचा निघतो. तो रास्तच आहे. पण फीच्याही आधी पदवी प्रमाणपत्रावर विषयाचं नाव काय छापून येणार, हे बघा. स्वस्तात मिळालेली पदवी हव्या त्या भरतीत चालली नाही, तर तिच्याइतकी महाग पदवी नाही.

भारतीय वनसेवेचं उदाहरण घ्या. यूपीएससीच्या अटीप्रमाणे पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणीशास्त्र यांपैकी किमान एक विषय घेतलेली पदवी लागते, किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी यांपैकी एक पदवी लागते. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. 'बी.एस्सी. पर्यावरणशास्त्र' किंवा 'शाश्वत विकास' अशा नावाची पदवी घेऊन पुढे वनसेवेची तयारी करणाऱ्याला हे अर्ज भरताना कळतं, तेव्हा तीन वर्षं गेलेली असतात. पर्यावरणशास्त्र वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. प्रदूषण मोजणी, पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन, उद्योगांतली कामं यांसाठी ते उपयोगाचं आहे. पण वनसेवा मनात असेल तर नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, म्हणजे मुख्य विषय यादीतलाच ठेवा आणि पर्यावरणशास्त्र मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणून घ्या. उलटं करू नका.

राज्याच्या वनसेवेची, म्हणजे सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल या पदांची भरती एमपीएससी करते. तिथली विषयांची यादी वेगळी असते, म्हणून आयोगाच्या ताज्या जाहिरातीतला शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद प्रवेशाच्या आधीच काढून वाचा. वनरक्षकाला पदवी लागतच नाही. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असला की शैक्षणिक अट पूर्ण होते. मृद व जलसंधारण विभागाच्या जलसंधारण अधिकारी पदापुढे तर कंसात 'स्थापत्य', म्हणजे सिव्हिल इंजिनिअरिंग, असंच लिहिलेलं असतं. पाणलोटाचं काम आवडतं म्हणून भलतीच पदवी घेतलेल्यांची इथे अडचण होते.

आता कुठे शिकायचं ते बघू. वनशास्त्राची चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स आपल्याकडे दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आहे. दोन्ही सरकारी, त्यामुळे फी आवाक्यातली. जागा मोजक्या. प्रवेश एमएचटी-सीईटी देऊन कृषी अभ्यासक्रमांच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून होतो. पर्यायांचा क्रम भरताना अनेक जण बी.एस्सी. कृषी वर टाकतात आणि वनशास्त्र तळाशी ढकलतात. वरचा पर्याय मिळाला की खालचा विचारात येत नाही, म्हणून ज्याला खरंच जंगलात काम करायचं आहे त्याने वनशास्त्र पहिलं लिहावं. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या जागा मिळतात. कर्नाटकातलं सिरसी, तमिळनाडूतलं मेट्टुपालयम, हिमाचलमधलं नौणी ही त्यातली जुनी, सरकारी ठिकाणं. परिषदेमार्फत परराज्यात गेलेल्याला नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिप दरमहा मिळते. ती गृहीत धरली तर लांबचं कॉलेज जवळच्यापेक्षा स्वस्त पडू शकतं.

माती आणि पाण्यात रस असेल तर राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथल्या कृषी अभियांत्रिकीच्या बी.टेक.कडे बघा. उतारावर पाणी मुरवणारे सलग समतल चर किती अंतरावर घ्यायचे, माती नाला बांधाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायची वाट, किती रुंद ठेवायची, हे गणितासह तिथे शिकवतात.

या सगळ्याला गुण पुरले नाहीत, तर माझ्या मते सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत कमी जोखमीचा रस्ता तुमच्या तालुक्याच्या गावी आहे : अनुदानित, म्हणजे सरकार पगाराचं अनुदान देतं अशा, कॉलेजातली वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र किंवा भूशास्त्राची बी.एस्सी. एक गोष्ट मात्र नक्की विचारा. एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते. जुने मूळ विषय बहुधा अनुदानित असतात, तर पर्यावरणशास्त्र, जैवविविधता हे नवे विषय बऱ्याचदा विनाअनुदानित, आणि फी कित्येक पट. इमारत तीच, ग्रंथालय तेच. 'ही तुकडी अनुदानित आहे का?' हा प्रश्न ऑफिसच्या खिडकीवर विचारा आणि उत्तर शुल्कपत्रकावर लेखी घ्या.

खर्चाचा हिशेब पहिल्या वर्षावरून करू नका. समजा, एका खासगी कॉलेजची फी वर्षाला ६०,००० आहे आणि दरवर्षी १० टक्के वाढते. दुसऱ्या वर्षी ६६,०००, तिसऱ्या वर्षी ७२,६०० आणि चौथ्या वर्षी ७९,८६०, म्हणजे चार वर्षांची २,७८,४६०. 'साठ हजार गुणिले चार' म्हणून जे २,४०,००० आपण धरतो, त्यापेक्षा ३८,४६० जास्त. त्यात खोली आणि मेस महिन्याला ५,००० धरून वर्षाचे दहा महिने, असे चार वर्षांचे २,००,००० मिळवा. एकूण ४,७८,४६०. अभ्यास सहल, बूट, परीक्षा फी, अनामत अजून बाहेरच आहे. वनशास्त्रात सहली टाळता येत नाहीत, त्यामुळे त्यांचा खर्च सीनियर मुलांकडून विचारून घ्या. माहितीपत्रकात तो नसतो.

सवलतींमध्ये दोन गोष्टी नीट समजून घ्या. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्यांना ५० टक्के शिक्षण शुल्क माफ होतं. २०२४-२५पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'मुलींचं सगळं फुकट' असं मात्र समजू नका. वसतिगृह, मेस, अनामत यांचा त्यात समावेश नाही. आणि प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही. कॅपची शेवटची फेरी संपायच्या आत घाईने जागा 'पक्की' करणारे पालक हा हक्क कायमचा गमावतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयंम योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज अडतो तो ठरावीक ठिकाणी. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि जोडणी शेवटी ज्या बँकेशी झाली तिथेच जातात. म्हणून जुनंच कुठलं खातं जोडलेलं नाही ना, हे अर्जाआधी बँकेत तपासा. उत्पन्नाचा दाखला त्याच आर्थिक वर्षाचा हवा, नॉन-क्रीमिलेअरवरची ३१ मार्चची तारीख बघायची. जात वैधतेचं प्रकरण अकरावीतच दाखल करा, कारण वंशावळीची जुनी कागदपत्रं शोधण्यात महिने जातात. अर्ज कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला थांबला तर वर्ष वाया जातं, त्यामुळे पंधरा दिवसांनी स्थिती बघत राहा. नूतनीकरण दरवर्षी स्वतः करायचं असतं.

प्रवेशाआधी कॉलेज बघायला जा तेव्हा सेमिनार हॉल पाहू नका, रोपवाटिका पाहा. पिशव्यांवर प्रजातीचं नाव आणि पेरणीची तारीख आहे का? वनस्पतीसंग्रहातला (हर्बेरियम), वाळवलेली वनस्पती चिकटवलेला एखादा कागद मागा. त्यावर गोळा केल्याचं ठिकाण, दिनांक आणि विद्यार्थ्याचं नाव असतं. सगळे दिनांक दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे निघाले, तर मुलं हल्ली बाहेर जात नाहीत असं समजा. झाडाची उंची मोजायचं उपकरण आणि जीपीएस कपाटात किती आहेत आणि वर्गात मुलं किती, हेही विचारा. वीस मुलांत एक यंत्र असेल तर एकोणीस जण बघे राहतात.

शिक्षणात राहिलेली उणीव पैसे न टाकता भरून काढता येते. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क चालवते आणि प्रमाणपत्र देते. पाणलोट संस्थांच्या मुलाखतीत 'तुमच्या गावाचा उताराचा नकाशा करून दाखवा' असं सांगितलं, तर करता आलं पाहिजे. पहिल्या वर्षापासून आठवड्याला तीन-चार तास दिले तर हे जमतं.

पदव्युत्तरसाठी देहरादूनची वन्यजीव संस्था, तिथलंच वन संशोधन संस्थेचं विद्यापीठ आणि बंगळुरूच्या एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) या संशोधन संस्थेचा वन्यजीवशास्त्र व संवर्धन हा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. यांतल्या एनसीबीएसचा प्रवेश एक वर्षाआड असतो. आपली पदवी कोणत्या वर्षी संपते, हे त्या चक्राशी आत्ताच जुळवून पाहा. मध्ये वर्ष रिकामं येत असेल तर नव्या धोरणातलं चौथं, ऑनर्सचं वर्ष त्याच कॉलेजात, त्याच अनुदानित फीमध्ये मिळतं का, याची चौकशी पहिल्या वर्षीच करून ठेवा.