तारा निघाल्या, आता रिटेनर

श्रोतेहो, नमस्कार.

दात सरळ करायला लावलेल्या तारा निघाल्या की दिवसभर जीभ गुळगुळीत दातांवरून फिरत राहते. आणि त्याच दिवसापासून दात हळूच जुन्या जागेकडे सरकू पाहतात.

दात काही हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. बारीक तंतूंनी तो हाडाला आणि हिरडीला बांधलेला असतो. दात आणि हाडामधले तंतू नव्या जागी रुळायला ३ ते ४ महिने घेतात. हिरडीतले लवचिक तंतू मात्र वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ, ताणलेल्या रबरासारखे ओढत राहतात. स्वतःभोवती फिरलेला दात सरळ केला असेल, तर ही ओढ सगळ्यांत जास्त. शिवाय वय वाढतं तसे खालचे पुढचे दात दाटी करतातच, कधीही तारा न लावलेल्यांचेसुद्धा. तेव्हा दातांना नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर किती दिवस घालायचा? दात सरळ हवेत तितके दिवस. बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारे दंतवैद्य, सुरुवातीचे ३ ते ६ महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र, आणि पुढे रोज रात्री घालायला सांगतात. काही जण पहिल्यापासून फक्त रात्रीच. तुमचे दात मुळात कसे होते, यावर ते ठरतं.

निवडीचं म्हणाल, तर पारदर्शक रिटेनर दिसत नाही, म्हणून तोच पहिल्यांदा डोळ्यांत भरतो. साधारण १ मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकची ही टोपी दातांवर घट्ट बसते. पण झोपेत दात खाणाऱ्याने त्याच्या मोहात पडू नये. दाढांवर भोकं पडतात, चिरा जातात. असा रिटेनर साधारण वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो. हॉली रिटेनर म्हणजे टाळूला चिकटून बसणारी ॲक्रिलिकची पट्टी आणि पुढच्या दातांवरून जाणारी तार. तार दिसते, आणि पहिले काही दिवस ‘स’, ‘त’ बोलताना जीभ अडखळते. मोठ्याने वाचन केलं की सवय लवकर होते. पण तो वर्षानुवर्षं टिकतो, सैल झाला तर घट्ट करता येतो, मोडला तर बहुधा दुरुस्तही होतो. वरच्या जबड्याचा चौकटा रुंद केला असेल, तर आमचं मत हॉलीकडे झुकतं.

तिसरा प्रकार म्हणजे दातांच्या मागे, एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, कायम चिकटवलेली पिळाची बारीक तार. घालायची आठवण ठेवावी लागत नाही, आणि गफलत नेमकी तिथेच होते. एका दातावरचा चिकटवलेला ठिपका सुटतो, तार जागेवरच दिसते, दुखत काहीच नाही, आणि तो एक दात गुपचूप फिरतो. म्हणून आठवड्यातून एकदा आरशासमोर प्रत्येक दाताच्या मागे नख किंवा जीभ फिरवा. तार कुठे हलली, की त्याच आठवड्यात दाखवा. तिचं टोक टोचत असेल तर त्यावर ऑर्थोडॉन्टिक मेण लावा, ओढून काढू नका. खालच्या पुढच्या दातांमागे लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, तिथे दगडासारखा थर लवकर साचतो. तारेखालून फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, ओवणारी सुई किंवा दातांच्या फटीतला छोटा ब्रश रोज वापरावाच लागतो.

काढता येणाऱ्या रिटेनरला सगळ्यांत मोठा धोका गरम पाण्याचा. उकळत्या पाण्यात ‘निर्जंतुक’ करायला टाकला की प्लॅस्टिक वाकलंच. उन्हात तापलेल्या गाडीतही तेच होतं. काढल्या काढल्या गार पाण्याने धुवा आणि मऊ ब्रशवर भांड्याच्या साध्या लिक्विड साबणाचा एक थेंब घेऊन आतून-बाहेरून घासा. टूथपेस्ट नको; तिच्यातल्या बारीक कणांनी ओरखडे पडतात आणि त्यांत वास धरतो. पांढरा थर बसला तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन २० मिनिटं बुडवून ठेवा, मग घासून धुवा. पारदर्शक रिटेनर घालून पाण्याशिवाय काहीही पिऊ नका. गोड सरबत आत अडकलं की लाळ तिथवर पोचत नाही आणि दात किडतात.

घालताना बोटांनी दाबून बसवा. दातांनी चावून बसवायची सवय लागली की चीर ठरलेली. काढताना दोन्ही बाजूंच्या दाढांकडून सोडवत आणा. हॉली असेल तर पुढची तार ओढू नका. जेवताना कागदी रुमालात गुंडाळलेला रिटेनर ताटाबरोबर कचऱ्यात जातो, हा तर रोजचाच प्रकार. भोकं असलेली डबी कायम जवळ हवी.

रिटेनर बसतो कसा, तिकडे लक्ष ठेवा. काही दिवस राहून गेल्यावर जरा घट्ट लागला तर दात थोडे सरकलेत. नेमाने घातला की बहुधा सैल होतो. पण उजेडात पाहिलं आणि दाताचं टोक आणि प्लॅस्टिक यांच्यात पोकळी दिसली, किंवा दाबूनही तो पूर्ण बसत नसेल, तर जबरदस्ती करू नका. लगेच फोन करा. हरवला तरीही ‘पुढच्या तपासणीला सांगू’ म्हणू नका. आठवडाभरात दात हलू शकतात.

आणखी एक. दाताला कॅप बसवायची किंवा मोठं फिलिंग करायचं असेल, तर रिटेनर डबीत घालून दंतवैद्याकडे सोबत न्या. नव्या कॅपवर जुना रिटेनर बसेलच असं नाही, आणि नवा तयार होईपर्यंतच्या दिवसांची सोय आधीच करून घेता येते.

नमस्कार.