घरी बनवलेली जेटगाडी: रेटा, तेल आणि ब्रेक

श्रोतेहो, नमस्कार.

सायकल, गो-कार्ट, लहान मुलांची तीनचाकी, सामानाची ट्रॉली. ज्याला चाकं आहेत त्याला जेट इंजिन जोडून बघायचा मोह हौशी कारागिरांना आवरत नाही. कानठळ्या बसवणारा आवाज आणि मागून निघणारी ज्वाळा पाहिली की वाटतं, केवढी ही ताकद! प्रत्यक्षात जागेवरून सुटताना यातली बरीचशी वाहनं साध्या स्कूटरच्याही मागे पडतात. का, ते आधी हिशेबानंच पाहू.

जेटचा रेटा म्हणजे दर सेकंदाला मागे फेकलेली हवा गुणिले तिचा वेग. ट्रकच्या टर्बोचार्जरपासून बनवलेलं मध्यम आकाराचं इंजिन सेकंदाला साधारण ३५० ग्रॅम हवा ओढतं आणि ती सेकंदाला ४५० मीटर वेगानं मागे सोडतं. गुणाकार करा: १५७ न्यूटन, म्हणजे सुमारे १६ किलोचा रेटा. माणसासकट २०० किलोची गाडी या रेट्यावर ताशी ४० किलोमीटरला पोहोचायला पंधरा-वीस सेकंद घेते. शक्ती म्हणजे रेटा गुणिले गाडीचा वेग. त्यामुळे गाडी ताशी १८ किलोमीटरनं चालली असताना या इंजिनाची कामाला आलेली शक्ती जेमतेम एक अश्वशक्ती. ताशी १०० ला तीच सहाच्या आसपास जाते. या सगळ्या वेळात इंजिन मात्र मिनिटाला अर्धा लिटर रॉकेल जाळत असतं, म्हणजे अडीचशे किलोवॉटहून अधिक उष्णता. काटकसरीसाठी हा उद्योग कुणी करत नाही हे उघड आहे. पण या आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. जेटगाडी हळूहळू, न थांबता वेग घेत राहते आणि चालवणाऱ्याला तो वेग जाणवतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

घरगुती इंजिनाचे मुख्य प्रकार दोन. पहिला पल्सजेट. यात फिरणारं काहीच नाही. एक नळी, तिच्या तोंडाशी स्प्रिंग स्टीलच्या पातळ पाकळ्यांची झडप आणि इंधनाची नोझल. आत स्फोट झाला की पाकळ्या मिटतात, गरम वायू मागून सुटतात, आतला दाब घसरतो, पाकळ्या उघडून ताजी हवा येते आणि पुन्हा स्फोट. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-१ या उडत्या बॉम्बचं इंजिन याच तत्त्वावर सेकंदाला पंचेचाळीसच्या आसपास ठोके देत चालायचं. पाकळ्या गरम होऊन कडांना तडकतात आणि लवकर बदलाव्या लागतात. म्हणून पुष्कळ जण झडपच नसलेली, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली लॉकवुड पद्धतीची नळी पसंत करतात.

पल्सजेट बनवायला सोपा, पण बसवायला अवघड. चालू असताना नळी लालबुंद होते. दीड मीटर लांबीची स्टेनलेस स्टीलची नळी ७०० अंशांनी तापली की सुमारे १८ मिलिमीटर वाढते. दोन्ही टोकं सांगाड्याला बोल्टनं आवळली तर वेल्डिंग फाटणार किंवा सांगाडा वाकणार. पुढचं टोक घट्ट बांधायचं आणि मागच्या टोकाला नळी सरकू शकेल असा सैल पट्टा द्यायचा. शिवाय हे इंजिन कमी-जास्त करायला फारशी जागा देत नाही: ते नीट चालतं किंवा विझतं. आणि आवाज इतका की कानात बोळे आणि वर कानझाकण असं दोन्ही हवं.

दुसरा प्रकार टर्बोचार्जरचा. खरी कारागिरी इथे दिसते. टर्बोमध्ये हवा दाबणारं कॉम्प्रेसरचं चाक आणि गरम वायूंनी फिरणारं टर्बाइनचं चाक एकाच शाफ्टवर तयार मिळतात, म्हणजे घरी बनवायला सर्वांत कठीण असा भाग आयताच हातात येतो. आपण फक्त दोघांच्या मध्ये जळण्याची खोली, म्हणजे कंबश्चन चेंबर, बसवायची. जुना टर्बो निवडताना शाफ्टचं टोक बोटांत धरून हलवून पाहा. आडवा थोडा खुळखुळा असतोच, कारण आतले बुश, म्हणजे शाफ्टला धरणाऱ्या कड्या, तेलावर तरंगणारे असतात. पण पुढे-मागे हालचाल हाताला जेमतेम जाणवेल इतकीच हवी, आणि कसंही दाबलं तरी चाकाची पाती घराला घासता कामा नयेत. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा बोटानं तपासा. खडा लागून एखादं टोक वाकलेलं असेल तर तो टर्बो घेऊ नका. ७६ मिलिमीटरचं चाक मिनिटाला ९०,००० फेरे घेतं तेव्हा पात्याचं टोक सेकंदाला साडेतीनशे मीटरहून जास्त वेगानं जात असतं. त्या वेगाला तोल बिघडलेलं चाक फार काळ टिकत नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या, चेंबरची मापं सांगतो. सगळं माप कॉम्प्रेसरच्या चाकाच्या हवा ओढणाऱ्या तोंडाच्या व्यासावर ठरतं. समजा तो ६० मिलिमीटर आहे. आतली भोकांची नळी, जिला फ्लेम ट्यूब म्हणतात, तिचा व्यास दुप्पट, म्हणजे १२०, आणि लांबी सहापट, म्हणजे ३६० मिलिमीटर. नळीवरच्या सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ त्या तोंडाइतकंच: सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. त्यातलं ३० टक्के इंधनाच्या टोकाशी, २० टक्के मध्ये आणि उरलेलं ५० टक्के टर्बाइनच्या बाजूला. भोकांत सांगायचं तर सुरुवातीला ६ मिलिमीटरची ३०, मध्ये ८ मिलिमीटरची ११ आणि शेवटी १४ मिलिमीटरची ९. हा ठोकताळा आहे, पण चालतो.

भोकांची अशी विभागणी करण्याचं कारण आहे. रॉकेल पूर्ण जळायला त्याच्या पंधरापट वजनाची हवा पुरते. इंजिनातून मात्र पन्नासपटीहून जास्त हवा जाते. सगळी हवा सुरुवातीलाच ज्योतीवर सोडली तर ज्योत विझते. सुरुवातीच्या भोकांतून थोडी हवा देऊन ज्योत धरायची, मधल्या भोकांनी जळण पुरं करायचं आणि शेवटच्या मोठ्या भोकांतून गार हवा मिसळून वायूचं तापमान टर्बाइनला सोसेल इतकं खाली आणायचं. शेवटची भोकं लहान पडली किंवा नळी आखूड झाली तर ज्योत टर्बाइनपर्यंत पोहोचते आणि पाती वितळतात. फ्लेम ट्यूबही तापून चार-पाच मिलिमीटर वाढते, तेव्हा तिचंही एक टोक मोकळं ठेवा.

इंधनासाठी पहिल्यांदा प्रोपेन गॅस सोपा. गॅसच्या नळीला बारीक भोकं पाडली की काम होतं. पण सिलिंडरमधून वरचा गॅस या वेगानं ओढला की आतलं द्रव प्रोपेन उकळायला सुमारे दोन किलोवॉट उष्णता लागते, आणि ती सिलिंडरच्या अंगातूनच जाते. काही मिनिटांत सिलिंडरवर बाहेरून पांढरं दव गोठतं, दाब उतरतो आणि रेटा गळतो. नवखा माणूस इंजिनात बिघाड शोधत बसतो. सिलिंडर गरम करणं हा त्यावरचा उपाय नव्हे, तो अपघात आहे. गॅसवर इंजिन पेटवून मग रॉकेलवर न्यायचं, हा शहाणा मार्ग. रॉकेल मात्र बारीक फवारलं गेलं पाहिजे किंवा तापलेल्या नळ्यांतून वाफ होऊन आलं पाहिजे. थेंब पडत राहिले तर ते तळाशी साचतात आणि पुढच्या वेळी सुरू करताना मागून मोठा भडका निघतो.

माझ्या मते घरगुती जेट इंजिनं आगीपेक्षा तेलानं जास्त मरतात. शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, म्हणून विजेवर चालणारा गिअर पंप, फिल्टर आणि ३ ते ४ बार दाब हवा. तेल आत देणारी नळी बारीक चालते. परतीची नळी मात्र किमान २० मिलिमीटरची, सरळ खाली उतरणारी हवी, वाटेत कुठेही वर वळणारी नको. बाहेर येणारं तेल फेसाळलेलं असतं आणि ते फक्त स्वतःच्या वजनानं उतरतं. परतीला अडथळा झाला की बेअरिंगचं घर तुंबतं. टर्बोचं सील म्हणजे पिस्टनसारखी एक रिंगच असते, ती तुंबलेलं तेल अडवत नाही. मग मागून निळसर पांढरा धूर येऊ लागतो आणि लोक सील बदलत बसतात. दोष सीलचा नसतो, परतीच्या नळीचा असतो. तेलाच्या टाकीला हवा जायला भोक ठेवायलाही विसरू नका.

सुरू करण्याचा क्रम कधीही मोडायचा नाही. आधी तेलाचा पंप, गेजवर दाब दिसला की ब्लोअरनं कॉम्प्रेसरच्या तोंडात हवा, चाक नीट फिरू लागलं की स्पार्क आणि सगळ्यांत शेवटी थोडासा गॅस. आधी गॅस आणि मग स्पार्क केला तर साठलेला गॅस एकदम पेटतो. तीन-चार सेकंदांत पेट घेतला नाही तर गॅस बंद करून अर्धा मिनिट नुसती हवा सोडा. पेटलं की डोळा तापमानाच्या काट्यावर. एक्झॉस्टला ७०० अंशांच्या वर काटा पळू लागला तर गॅस तोडा, ब्लोअर मात्र चालूच ठेवा, कारण त्या वेळी टर्बाइनला वाचवणारी तीच एक हवा असते. चेंबरमधला दाब ०.२ ते ०.३ बारवर गेला की इंजिन स्वतःच्या जोरावर धावू लागतं. तोवर घाई करून ब्लोअर काढला तर फेरे वाढत नाहीत, फक्त तापमान वाढतं. बंद करताना इंधन तोडल्यावर ब्लोअरची हवा आणि तेल काही मिनिटं चालू ठेवा, नाहीतर टर्बाइनची उष्णता शाफ्टमध्ये उतरून उरलेलं तेल कोळशासारखं कडक होतं.

मागच्या नोझलचं तोंड एकदम लहान कापू नका. तोंड लहान तर रेटा जास्त, पण त्याच वेळी तापमान चढतं आणि कॉम्प्रेसर अडतो. मग धाड-धाड आवाज येऊन दाबाचा काटा थरथरतो आणि कधी हवा उलटी पुढून बाहेर येते. याला सर्ज म्हणतात. थ्रॉटल झटक्यानं उघडला किंवा पुढच्या जाळीवर चिंधी चिकटली तरी हेच होतं. तोंड मोठं ठेवून सुरुवात करा, तापमान पाहत थोडं थोडं कमी करा.

ज्यांना एवढ्यानं भागत नाही ते भंगारातलं विमानाचं किंवा हेलिकॉप्टरचं इंजिन आणतात. कॅलिफोर्नियात रॉन पॅट्रिक यांनी फोक्सवॅगनच्या न्यू बीटल गाडीत मागच्या बाजूला जनरल इलेक्ट्रिकचं टी-५८ बसवलं. हे मुळात १,३५० अश्वशक्तीचं, नौदलाच्या हेलिकॉप्टरचं इंजिन. गाडीचं पेट्रोल इंजिन पुढे तसंच ठेवलं आणि रोजची चाल त्यावरच. हा विचार मला फार पटतो: हळू चालण्यासाठी चाकं फिरवणारं इंजिन, गंमत करण्यासाठी जेट.

ओहायोच्या आर्ट आरफन्स यांची गोष्ट मात्र दुसऱ्या कारणासाठी सांगायला हवी. लष्करानं निकामी म्हणून काढलेलं, आत वस्तू जाऊन पाती खराब झालेलं जे-७९ हे लढाऊ विमानाचं इंजिन त्यांनी विकत घेऊन स्वतः दुरुस्त केलं. त्यावर बांधलेल्या ग्रीन मॉन्स्टर गाडीनं १९६४ आणि १९६५ मध्ये तीनदा जमिनीवरच्या वेगाचा विक्रम केला. शेवटचा ताशी ५७६.५५ मैलांचा, म्हणजे सुमारे ९२८ किलोमीटरचा. १९६६ साली बोनव्हिलच्या मिठागरावर ताशी ६०० मैलांच्या वर असताना गाडी उलटून चुराडा झाली. आरफन्स वाचले. भंगारातलं इंजिन शेवटपर्यंत धड होतं, जाम झालं होतं ते पुढच्या चाकाचं बेअरिंग.

म्हणून लहान गाडीतही पैसा चाकं, बेअरिंग आणि ब्रेकवर आधी घाला. जेटला इंजिनब्रेक नसतो. थ्रॉटल सोडला तरी फेरे उतरायला काही सेकंद जातात आणि आयडलवरही, म्हणजे अगदी कमी फेऱ्यांवरही, इंजिन गाडीला पुढे ढकलतच असतं. २५० किलोची गाडी ताशी ६० वरून थांबवताना ब्रेकला ३५ किलोजूल ऊर्जा गिळावी लागते. ताशी १०० वरून तीच ९६ होते. सायकलचे रबरी ब्रेक इथे काही कामाचे नाहीत, दोन्ही टोकांना डिस्क हवी. इंजिन बसवताना रेट्याची रेषा गाडीच्या गुरुत्वमध्याजवळून आणि बरोबर मधून जाऊ द्या. रेषा वर गेली तर गाडीचं नाक दाबलं जातं आणि मागची चाकं हलकी होतात, खाली गेली तर स्टिअरिंग हलकं होतं, बाजूला सरकली तर गाडी सतत एकीकडे ओढते. कॉम्प्रेसर किंवा टर्बाइनचं चाक ज्या पातळीत फिरतं त्या पातळीत कुणाचंही डोकं, पाय किंवा टाकी येऊ नये. चाक फुटलं तर तुकडे त्याच पातळीत उडतात. त्या पट्ट्यावर जाड स्टीलचं कडं घाला आणि हवेच्या तोंडावर मजबूत जाळी बसवा.

पहिली चाचणी बंद जागेत नको, रस्त्यावर तर नकोच. मोकळ्या मैदानात गाडी जमिनीत गाडलेल्या खुंटाला साखळीनं बांधायची, साखळीत वजनकाटा अडकवायचा आणि रेटा मोजायचा. मागे दहा-पंधरा मीटरपर्यंत माणूस किंवा वाळलेलं गवत नको, अग्निशामक हाताशी हवा. इंधन तोडणारा व्हॉल्व्ह वीज गेली की आपोआप बंद होणारा घ्या, आणि त्याच्या स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधा, म्हणजे तो गाडीवरून पडला तरी इंधन तुटेल. हा व्हॉल्व्ह टाकीजवळ न बसवता इंजिनाच्या अगदी तोंडाशी बसवा. मधल्या लांब नळीत उरलेलं रॉकेल स्विच तुटल्यावरही जळत राहतं आणि तेवढा वेळ गाडी चालवणाऱ्याशिवायच पुढे जात असते.

नमस्कार.