दोन बोटं दोर

[सकाळ. गेटवेसमोरचं पाणी. शिडं नुकतीच चढलेली.]

जानेवारी महिना. मुंबई बंदरात मतलई वारा आहे, जेमतेम ५-६ नॉट (ताशी सागरी मैल). साधारण ७ मीटर लांबीच्या या कीलबोटीवर (तळाशी जड पातं असलेली शिडाची बोट) पुढचं शीड, म्हणजे जिब, वर गेलंय. ज्या दोराने ते चढवलं तो जिब हॅलयार्ड. शीड चढलं, दोर बांधला, झालं काम, असं आम्हालाही बरीच वर्षं वाटायचं.

आता जवळून बघा. शिडाची पुढची कड, लफ, फोरस्टेला, म्हणजे डोलकाठीपासून बोटीच्या नाकाकडे उतरणाऱ्या तारेला, हुकांनी अडकवलीय. प्रत्येक हुकापासून एक बारीक सुरकुती मागे गेलीय. घट्ट सदऱ्याला बटणांपाशी पडते तशी. नवखीचे हात शिवशिवतात.

"ओढू का, काका?"

"राहू दे गं. एवढ्याशा वाऱ्याला त्या हव्यातच."

हॅलयार्ड सैल असला की शिडाचा फुगवटा मागे राहतो आणि पुढची बाजू सपाट होते. पाणी शांत असेल तर बोट वारा येतो त्या दिशेच्या आणखी जवळून चालते. मात्र सुकाणू धरणाऱ्याची परीक्षाच. जरा चुकला की शिडावरचे टेलटेल, ते लोकरीचे धागे, लगेच फडफडतात.

[दुपार. पाण्यावर काळसर पट्टे सरकतायत.]

खारा वारा आला. वायव्येकडून, १२ नॉट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. कापड ताणतं, दोरही थोडा ताणतो, फुगवटा आणखी मागे जातो. बोट नुसती कलते, वेग काही घेत नाही. त्यात मांडव्याची लाँच पाणी घुसळून गेलेली.

आता लफ ताणायची. फुगवटा पुढे येतो, शिडाच्या एक तृतीयांश रुंदीच्या जरासा मागे. पुढची बाजू गोलसर होते, मग लाटेने नाक थोडं हललं तरी शीड चालत राहतं. पण भरल्या शिडात हॅलयार्ड ओढणं म्हणजे दोराशी कुस्ती. टॅक घेताना, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना, शीड रिकामं होतं, तेवढ्यात काम उरकायचं.

"दोन बोटं!"

दोर ओढायचा विंच करकरतो. दोरावर काळ्या मार्करची खूण आहे, डोलकाठीवर मोजपट्टी चिकटवलीय. खूण ४ वरून ७ वर. तीन सेंटिमीटर, बस्स. सुरकुत्या गेल्या.

आणखी ओढलं असतं तर लफलगत उभी घडी पडली असती, म्हणजे जास्त झालं. आणि हो, शीड वर सरकलं की मागचा कोपराही उचलला जातो. शीट, म्हणजे शीड आत-बाहेर करायचा दोर, ज्या गाडीतून जातो ती तपासायलाच हवी. हे विसरून आम्ही नको तितक्या रेस हरलोय.

[बॉय, म्हणजे पाण्यावरची तरंगती खूण, वळून बोट वाऱ्याबरोबर निघते.]

काका मागे वळून मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाचा दोर, सोडतायत. पुढे ती, कुणी न सांगता, हॅलयार्ड अडकवलेली क्लीट उघडते आणि खूण पुन्हा ४ वर आणते.