विमानाला विमान पुरणार नाही: तैवानच्या संरक्षणाचा नवा आराखडा

नकाशावरची ही निळी पट्टी म्हणजे तैवानची सामुद्रधुनी. सर्वांत अरुंद ठिकाणी रुंदी जेमतेम १३० किलोमीटर. पलीकडे चीन, अलीकडे सुमारे २ कोटी ३० लाख लोकांचं बेट.

अनेक वर्षं तैवाननं बरोबरी साधायचा प्रयत्न केला. विमानाला विमान, जहाजाला जहाज. चीनची तिजोरी भरत गेली आणि ही शर्यत हाताबाहेर गेली. शिवाय धावपट्टीवरची विमानं आणि बंदरातल्या युद्धनौका क्षेपणास्त्रांच्या पहिल्या माऱ्यातच सापडणार.

२०१७ ते २०१९ या काळात तैवानचे सैन्यप्रमुख असलेल्या ॲडमिरल ली शी-मिंग यांनी वेगळा आराखडा मांडला. चीनला हरवायची गरज नाही. त्याचं सैन्य किनाऱ्यावर पाय रोवणार नाही, एवढं पाहायचं. त्यासाठी शस्त्रं लहान हवीत, स्वस्त हवीत, भरपूर हवीत आणि बेटभर विखुरलेली हवीत.

पडद्यावर दिसतोय तो लष्करी ट्रक. पाठीवर जहाजभेदी क्षेपणास्त्रांच्या नळ्या. बोगद्यात दडायचं, बाहेर येऊन मारा करायचा, आणि उलटा मारा यायच्या आत जागा सोडायची. असा ट्रक हुडकणं महाकठीण. चढाई करणारं सैन्य मात्र मुख्यतः जहाजांतूनच येणार, आणि भर समुद्रात आडोसा कुठला? एप्रिल २०२२ मध्ये युक्रेननं किनाऱ्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रांनी रशियाची 'मोस्क्वा' ही युद्धनौका बुडवली. त्या वेळी युक्रेनकडे मोठी अशी एकही युद्धनौका उरली नव्हती.

तरीही ली निवृत्त झाले आणि त्यांचा आराखडा मागे पडला. तैवाननं अमेरिकेकडे १०८ एब्रॅम्स रणगाडे आणि नवी एफ-१६ विमानंही मागवली. याला नुसती हौस म्हणणं अन्यायाचं होईल. चिनी लढाऊ विमानं जवळपास रोज बेटाच्या आसपास येतात. त्यांना सामोरं जायला विमानच उडवावं लागतं, तिथे ट्रक कामाचा नाही. शांततेतली गरज एक, युद्धातली दुसरी, पैसा मात्र तोच. खरी कोंडी इथे आहे.

आणि माणसं? सक्तीची लष्करी सेवा ४ महिन्यांवर आली होती. २००५ पासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी ती जानेवारी २०२४ पासून पुन्हा १ वर्षाची झाली. ड्रोन आणि खांद्यावरून डागायची स्टिंगर क्षेपणास्त्रं शिकवायचंही ठरलं. पण हे शिकवणारे अधिकारी जुन्या कवायतीत घडलेले. आधी त्यांनाच नव्यानं शिकावं लागणार, आणि नवी मुलं तर दाखल व्हायला लागलीसुद्धा.