मूलपेशी: उपचार आणि आशा

ही लालसर पिशवी रक्ताची वाटते, पण तिच्यात दात्याने दिलेल्या मूलपेशी, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या स्टेम सेल्स, आहेत. रक्त चढवतात तशाच त्या शिरेतून चढवल्या जातात. चिरफाड नाही, टाके नाहीत. अस्थिमज्जेचा, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त बनवणाऱ्या गराचा, रस्ता या पेशी स्वतःच शोधतात, तिथे रुजतात आणि साधारण २ ते ४ आठवड्यांत नवं रक्त बनवू लागतात.

अवघड असतो तो त्याआधीचा टप्पा. केमोथेरपी, कधी रेडिएशनही देऊन रुग्णाची जुनी मज्जा नष्ट करावी लागते. त्या दिवसांत साधा संसर्गही जिवावर बेततो. दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटण्याची भीती असतेच. डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये हे प्रत्यारोपण करून पाहिलं, तेव्हा सुरुवातीचे रुग्ण वाचले नाहीत. त्यांनी काम सोडलं नाही. १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया अशा रक्ताच्या आजारांवर हा रुळलेला उपचार आहे.

२०२३ अखेर ब्रिटन आणि अमेरिकेने सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी वेगळी वाट मान्य केली. रुग्णाच्याच मूलपेशी काढायच्या, क्रिस्पर या जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्राने त्यांचं जनुक बदलायचं आणि त्यालाच परत द्यायच्या. दाता शोधायला नको. केमो मात्र चुकत नाही.

२०१५. जर्मनीतलं बोखुम शहर. ७ वर्षांच्या मुलाची बहुतेक त्वचा जनुकीय आजाराने गळून पडली होती. डॉक्टरांनी त्याच्या निरोगी त्वचेचा छोटा तुकडा घेतला, पेशींमधलं सदोष जनुक दुरुस्त केलं, प्रयोगशाळेत त्वचेचे पापुद्रे वाढवले. शरीराचा सुमारे ८० टक्के भाग त्यांनी झाकला. मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागला.

रसायनाने भाजलेल्या डोळ्यावरही दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेच्या मूलपेशी वाढवून लावतात.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: पेशीला तिचंच नेहमीचं काम दिलंय. रक्ताची पेशी रक्तच बनवते, त्वचेची त्वचाच. जाहिरातींतल्या 'सर्व आजारांवर एकच इंजेक्शन' या दाव्यात नेमकं हेच नसतं. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन स्त्रियांच्या डोळ्यांत पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या गेल्या. तिघींचीही दृष्टी गेली किंवा जवळजवळ गेली. हे प्रकरण २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

पार्किन्सन आणि टाइप १ मधुमेहासाठी प्रयोगशाळेत घडवलेल्या पेशींच्या चाचण्या रुग्णांवर सुरू आहेत. तिथे प्रश्न पेशी रुजण्यापुरता नाही. त्या किती वर्षं टिकतात आणि गाठी तर धरत नाहीत ना, हेही तपासलं जातंय.