लाक्षागृहातली प्रेतं कुणी मोजली?

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि आभाळ भरून आलेलं असतानाही आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. आज १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. पत्रिकेत माझा विषय छापलाय 'सहवाचन : दांपत्यजीवनाचा एक विचार'. हे शीर्षक माझं नाही. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की आम्ही दोघं मिळून वाचतो आणि भांडतो, त्याबद्दल बोलेन. त्यातलं 'भांडतो' कुणीतरी गाळलं. असो. ही तिसऱ्या रांगेत बसली आहे. माझं चुकलं तर तिथूनच सांगेल, तिला माइक लागत नाही. (हशा)

आमची आवड जुळत नाही हे लग्नानंतर चौथ्याच दिवशी कळलं. साल १९८४. माझ्या ट्रंकेत बखरी, इतिहासाचे खंड, जिल्ह्याचं गॅझेटिअर. हिच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली रहस्यकथा, पन्नासेक तरी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या निम्म्या आपण वाचल्यात असा हिचा दावा आहे. (तिसऱ्या रांगेतून : "निम्म्याहून जास्त!") बघा. मी पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर. पुस्तकाला तळटिपा नसल्या की मला जिन्याला कठडा नसल्यासारखं वाटतं.

त्यात हिची एक सवय मला अकरा वर्षं छळत होती. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडायचं. मी म्हणायचो, अगं, खुनी आधीच कळला तर बाकीचं वाचतेस कशाला? ही म्हणायची, "मी वाचत नाही, बघते." मला हा शब्दच्छल वाटायचा. उलगडा झाला १९९५ साली. हिच्या लहानपणी मिरजेत त्यांच्या गल्लीत एक गृहस्थ सायकलवरून भाड्याची पुस्तकं घेऊन यायचे. दहा हातांतून फिरलेली पुस्तकं ती. ही सातवीत असताना एक रहस्यकथा आणली. रात्रभर वाचली. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलंय, बोट उचललंय, "खुनी याच खोलीत आहे आणि तो म्हणजे...", आणि पान उलटलं तर केशतेलाची जाहिरात! मधलं पान गायब. तो खुनी कोण, हे हिला आजतागायत माहीत नाही. तेव्हापासून ही फक्त एवढंच तपासते की शेवटचं पान जागेवर आहे ना. मी अकरा वर्षं हिला लबाड समजत होतो.

आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. इथल्या सभासदांतही पानं कापणारे आहेत. परवा एका दिवाळी अंकात अनारशांच्या कृतीच्या जागी चौकोनी खिडकी होती. मागच्या पानावर कविता होती, तिचंही पोट कापलं गेलं. कवितेचं काही बिघडलं नाही, पण अनारसे कुणाचे तरी हसले असतील अशी मला आशा आहे. (हशा) नाही, हसू नका, मी दोन पत्रं लिहिलीत.

तर सहवाचन. ते काही विचारपूर्वक सुरू झालं नाही. १९८६च्या पावसाळ्यात आम्ही कोयनानगरच्या कॉलनीत होतो. तिथला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. राज्याला वीज देणारं गाव, पण वाऱ्यात तारा तुटल्या की आमच्या खोलीत कंदील. कंदील एक, पुस्तकं दोन. मग एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. एक दिवस तिचं पुस्तक, एक दिवस माझं.

माझ्या पाळीला मी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' काढलं. १९६८चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेलं पुस्तक. म्हटलं, आता हिची बोलती बंद. झालं उलटंच. पुस्तकावरून वाद झाला म्हणून मी महाभारताच्या भाषांतराचा खंड काढला आणि आदिपर्वातलं लाक्षागृह वाचायला लागलो. वारणावत गाव, लाखेचं घर बांधणारा दुर्योधनाचा माणूस पुरोचन, विदुराने पाठवलेला खनक, त्याने खणलेलं भुयार. कुंतीने जेवण घातलं, एक निषादी, म्हणजे निषाद जमातीतली बाई, पाच मुलांना घेऊन जेवायला आली, सगळे पिऊन तिथेच झोपले. भीमाने आग लावली. पांडव भुयारातून निसटले.

ही म्हणाली, "थांबा. प्रेतं किती?"

मी मोजली. आई आणि पाच मुलं, सहा. पुरोचन धरून सात.

"म्हणजे कुंती आणि पाच पांडव मेले असं लोकांना वाटलं ते या सहा प्रेतांमुळे. आणि तो खनक?"

मी पुढे वाचलं. राख उपसण्याच्या निमित्ताने त्याने भुयाराचं तोंड बुजवलं.

"पुरावा नष्ट. आणि त्या बाईचं नाव काय?"

मी पान मागे-पुढे केलं. नाव नाही. नुसतीच निषादी.

ही म्हणाली, "आमच्या रहस्यकथेत मढ्यालासुद्धा नाव असतं हो."

मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकतोय. दर वेळी पांडव सुटले म्हणून मला हायसं वाटलं. प्रेतं मी एकदाही मोजली नव्हती. त्या रात्री मी कंदील लवकर विझवला.

दुसऱ्या दिवशी हिची पाळी. रहस्यकथेत चोरांचं भुयार, थेट समुद्रापर्यंत. मी म्हटलं, एवढ्या लांब भुयारात हवा कुठून येते? व्हेंटिलेशन नाही, दहा मिनिटांत गुदमरतील. ही म्हणाली, "वारणावतच्या भुयारात कुठून येत होती? काल नाही विचारलंत ते." (हशा, टाळ्या)

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' मूळ भाषण अजून खिशातच आहे. भराभर सांगतो.

न्यायमूर्ती रानडे आणि रमाबाई. लग्न १८७३चं, त्या अकरा वर्षांच्या. रानड्यांनी त्यांना लगेच शिकवायला घेतलं, घरातल्या बायकांचा रोष रमाबाईंनी सोसला, ते सारं त्यांच्या १९१०च्या आठवणींत आहे. थोरच गोष्ट. पण ती शिकवणी होती. 'मला हे पुस्तक रुचलं नाही' असं रमाबाईंना म्हणता आलं असतं का, हा प्रश्न मला पडतो. मला जवळचे वाटतात ते रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई. भांडणं किती, ते 'स्मृतिचित्रे'त वाचाच. टिळक १९१९ला गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. इथे अर्धा तास बोलायचं होतं.

बाकी मुद्दे असे. मोठ्याने वाचा, मनातल्या मनात वाचताना माणूस पानं गाळतो. चाळीस पानांनंतर पुस्तक सोडायची मुभा दोघांनाही ठेवा, कारण विचारू नका. एकमेकांची आवड सुधारायला जाऊ नका. मी दोन वर्षं प्रयत्न केला, शेवटी रात्री दीड वाजता चोरून रहस्यकथा वाचताना मीच सापडलो.

दुसरी चिठ्ठी आली, थांबतो. फक्त एक काम आहे. ते मिरजेचं पुस्तक. कव्हर फाटलेलं होतं, त्यामुळे नाव ठाऊक नाही. लोणावळ्याचा बंगला, वाढदिवसाची पार्टी, सरबतात विष, आणि एक डोळा अधू असलेला माळी. कुणी शेवटापर्यंत वाचलं असेल तर मला सांगू नका. तिसऱ्या रांगेत जाऊन सांगा.